सोयरी

"दोघी एकत्र असलेले जुने फोटो आहेत का तुमच्याकडे?"

हॉस्पिटलमधल्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर बाईंनी फाइलला पंच मारता मारता विचारलं. प्रश्न वहिनीला होता. "असतील की, ढीगभर असतील," ती म्हणाली आणि आम्ही घरी आलो. रात्री आईच्या कपाटातले सगळे अल्बम पलंगावर काढले. डांबराच्या गोळ्यांचा वास, पानांच्या मधले ते जाळीचे पातळ कागद, काही फोटोंना धरून चिकटून बसलेले. वहिनी लग्न होऊन या घरात आली तेव्हापासूनचे सगळे सण, बारशी, मुंजी, वास्तुशांत, सगळं होतं. आणि ताई-वहिनी एकत्र असा फोटो काही सापडेना. लग्नातल्या फोटोत वहिनी मुंडावळ्या बांधून मधे आणि ताई करवली म्हणून हातात करा धरून मागे, तीही निम्मी मामांच्या खांद्याआड. भाऊबिजेच्या फोटोंत ताई दादाला ओवाळतेय, ताई मला जवळ घेऊन बसलीय, आणि ओवाळणीच्या ताटाखाली कडेने आलेला एक हात, दोन हिरव्या बांगड्या आणि एक पाटली घातलेला. तो वहिनीचा. भाच्याच्या बारशात तिचं कोपर आहे. एका दिवाळीत ती पूर्ण दिसते, पण पाठमोरी, गॅसपाशी.

वहिनी पलंगाच्या कडेला बसून एकेक फोटो उजेडात धरून बघत होती. "हा चालेल का?" म्हणून तिने तो ताटाखालच्या हाताचा फोटो मला दाखवला. "हात माझाच आहे हे कळतंय ना?"

तो प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

ताईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास. डाव्या हाताला डायलिसिससाठी दोन रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला केलेला, त्यावर बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरावं तसं काहीतरी सतत थरथरत असायचं. पाणी मोजून प्यायचं, म्हणून उन्हाळ्यात ती बर्फाचा एक खडा तोंडात धरून तो विरघळेपर्यंत डोळे मिटून बसायची. तिचा रक्तगट ओ, म्हणजे साध्या हिशेबाने ओ गटाचाच दाता हवा. मी बी. दादा ओ, पण त्याला वर्षानुवर्षांची शुगर. आईचं वय झालेलं. ताईच्या मुलीने स्वतःहून विचारलं, तेव्हा ताईने तिला तो विषय घरात पुन्हा काढू दिला नाही. भाऊजी ओ गटाचे होते आणि आम्ही सगळे त्यांच्याकडे डोळे लावून बसलो होतो. पण क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली. या तपासणीत दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळून बघतात. पॉझिटिव्ह याचा अर्थ ताईच्या रक्तात भाऊजींच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडीज आधीपासूनच तयार होत्या. डॉक्टरांनी कारण सांगितलं ते ऐकून भाऊजी बराच वेळ जमिनीकडे बघत राहिले. बाळंतपणात आईच्या शरीराची बाळाच्या पेशींशी गाठ पडते, बाळ निम्मं बापाचं असतं, आणि काही बायकांच्या रक्तात त्या निम्म्या भागाविरुद्ध अँटिबॉडीज बनून राहतात. ज्या संसारातून दोन मुलं झाली त्याच संसाराने नवऱ्याची किडनी बायकोला परकी करून ठेवली होती.

वहिनी ओ. तिची क्रॉसमॅच निगेटिव्ह. हॉस्पिटलात निगेटिव्ह म्हणजे आनंदाची बातमी, हे पचायला आईला दोन दिवस लागले.

मग कायदा आला. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा, आणि महाराष्ट्र तो अगदी सुरुवातीला, फेब्रुवारी १९९५ पासून लागू करणाऱ्या राज्यांपैकी एक. त्याआधी या देशात गरिबांच्या किडन्या दलाल राजरोस विकत घेत होते, तेव्हा कायदा कडक असण्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. कायद्याने 'जवळचे नातेवाईक' कोण याची यादीच करून टाकलीय: नवरा-बायको, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण. २०११ च्या दुरुस्तीने तिच्यात आजी-आजोबा आणि नातवंडं आली. यादी तिथे संपते. सून नाही, सासू नाही, जाऊ नाही, दीर नाही, जावई नाही, मेहुणा नाही. नणंद-भावजय तर नाहीच. वहिनीने दादाला किडनी द्यायची म्हटली असती तर लग्नाचे कागद तपासून विषय पुढे सरकला असता. दादाच्या बहिणीला द्यायची तर ती कायद्याच्या लेखी परकी. पण परक्या माणसालाही एक वाट ठेवलीय. घेणाऱ्याबद्दल माया किंवा जिव्हाळा आहे म्हणून कुणी अवयव देत असेल तर ते एका समितीपुढे मांडायचं आणि समितीची परवानगी मिळवायची. मायेला कायद्यात जागा आहे हे वाचून मला आधी बरं वाटलं होतं. ती माया कशी तपासायची हे नियमांत वाचलं तेव्हा छातीत कसंतरी झालं. दोघं एकत्र राहत होते याचा पुरावा. दोघांचे एकत्र जुने फोटो. देणारा आणि घेणारा या दोघांच्या मागच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद, म्हणजे एक फार श्रीमंत आणि एक फार गरीब असं तर नाही ना, हे कळावं. आणि समितीपुढची मुलाखत, तीही व्हिडिओवर.

आपण मराठीत 'सगेसोयरे' एका दमात म्हणून मोकळे होतो, पण दोन्हींतला फरक आपल्याला जन्मापासून ठाऊक असतो. सगे रक्ताचे, सोयरे लग्नाने झालेले. सोयरीक जमते, जुळते, फिसकटते, मोडते. सगेपणाला यातलं एकही क्रियापद लागत नाही. भाऊ जमत नाही आणि बहीण फिसकटत नाही, कितीही भांडण झालं तरी. सोयऱ्याला मात्र मान लागतो, आहेर लागतो, बोलावणं लागतं, रुसवा काढावा लागतो. म्हणजे सोयरीक ही सतत करत राहावी लागणारी गोष्ट आहे. जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जातप्रमाणपत्राच्या नियमांचा एक मसुदा काढला आणि सगेसोयरे म्हणजे नेमके कोण याची व्याख्या त्यात घातली. तेव्हा एसटी स्टँडपासून लग्नाच्या मांडवापर्यंत जो तो या शब्दाचा अर्थ काढत होता. त्या वादात मी इथे शिरत नाही. मला तेव्हा एवढंच जाणवलं होतं की ज्या शब्दाने आपण हजार लोकांना जेवायला बोलावतो, तो कागदावर बसवायला घेतला की कुणीतरी आत राहतं आणि कुणीतरी बाहेर.

आणि तरी या शब्दाकडे मी जितकी बघते तितका तो मला आवडत जातो. तुकोबांनी झाडांना, वेलींना, वनातल्या प्राण्यांना 'सोयरीं' म्हटलं, सगे म्हटलं नाही. झाडाशी आपलं रक्ताचं नातं नाही, ते आपल्या घरात जन्मलेलं नाही. त्याच्याकडे चालत जाऊन, त्याच्यापाशी बसून, एकांत सोसून ते नातं जोडावं लागतं. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या चोखोबांच्या घराकडे बघितलं तर मला याहून जास्त भरून येतं. त्यांच्या बायकोचं नावच सोयरा. चोखोबांची बहीण निर्मळा ही सोयराबाईंच्या भावाला, बंकांना दिलेली. नणंद भावजयीच्या माहेरी आणि भावजय नणंदेच्या माहेरी. चौघांचेही अभंग आपल्यापर्यंत आलेत. ज्या घराला गावाने वेशीबाहेर ठेवलं, देवळाच्या पायरीशी अडवलं, त्या घरात सोयरे एकमेकांना इतके घट्ट धरून होते की लग्नाने जोडलेली चारही माणसं एकाच देवाला आपापल्या शब्दांत हाक मारत राहिली. नणंद-भावजय म्हटलं की आपल्याला भोंडल्यातलं लोण्यावरचं भांडण आठवतं, पिढ्यान्‌पिढ्या तेच गायलं जातं. निर्मळा आणि सोयरा यांची आठवण कुणाला का येत नाही?

पाश्चात्त्यांकडेही हीच गंमत आहे. लॅटिन भाषेत लग्नाने जडलेल्या नात्याला जो शब्द आहे, 'affinitas', त्याच्या पोटात 'सीमा' आहे. ज्यांच्या हद्दी एकमेकींना भिडल्यात ते, बांधाला बांध लागून असलेले. तोच शब्द पुढे रसायनशास्त्रज्ञांनी उचलला. कुठला पदार्थ कुठल्या पदार्थाकडे जास्त ओढला जातो, कुणासाठी कुणाला सोडून देतो, याचा तक्ता १७१८ साली फ्रान्सच्या एत्येन जोफ्रवाने मांडला आणि पुढची शंभर वर्षं असे तक्ते बनत राहिले. आम्ल धातूला धरतं, दुसरा धातू आला की पहिल्याला सोडतं. या ओढीला त्या लोकांनी रक्ताच्या नात्याचं नाव न देता सोयरिकीचं नाव दिलं. मला ते फार बरोबर वाटतं. ओढ असायला आधी दोघं वेगळे असावे लागतात.

किडनीच्या बाबतीत वैद्यकशास्त्राचा प्रवासही सग्यांकडून सोयऱ्यांकडे झालेला आहे. पहिलं यशस्वी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये झालं, ते जुळ्या भावांचं. हुबेहूब एकसारखे जुळे, म्हणून शरीराला फसगत झाल्याचा पत्ताच लागला नाही. ते करणारे डॉ. जोसेफ मरे यांना १९९० चं नोबेल मिळालं. इतकं सारखेपण असल्याशिवाय ते तेव्हा जमतच नव्हतं. सख्ख्या भावंडांतही पेशींच्या खुणा पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक आणि अजिबात न जुळण्याची शक्यताही चारांत एकच. एका आईच्या पोटी आलेली दोन माणसं आतून एकमेकांना सर्वस्वी अनोळखी असू शकतात. मग शरीराचा नकार दाबणारी औषधं आली, ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन आलं, आणि न जुळणाऱ्यांचंही निभू लागलं. १९९५ साली अमेरिकेतल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास छापून आला. आईवडिलांनी दिलेल्या किडन्यांपैकी तीन वर्षांनी ८२ टक्के चालू होत्या. नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला दिलेल्या, ८५ टक्के. मृत दात्यांच्या, ७० टक्के. नवरा-बायकोचं तसं फारसं काही जुळत नव्हतं. जिवंत, धडधाकट माणसाची ताजी किडनी, फार वेळ रक्तावाचून न राहिलेली, एवढंच तिचं बळ होतं. आमच्या डॉक्टरांनी हे आकडे सांगितले तेव्हा आईने विचारलं, "म्हणजे आईपेक्षा जोडीदाराची जास्त चालते?" डॉक्टर हसून म्हणाले, "तेवढ्यावर जाऊ नका, आजी. जवळजवळ सारखीच धरा."

समितीपुढे वहिनीला एकटीला आत बोलावलं. दाता बाई असेल तर जास्त खबरदारी घ्यावी, तिची संमती खरंच तिची आहे ना हे घेणाऱ्याच्या माणसाकडून नव्हे तर दुसऱ्याकडून ताडून बघावं, असं नियमच सांगतो. आणि तो असलाच पाहिजे. आपल्याकडे जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे डॉक्टरांपासून नर्सपर्यंत सगळे जाणतात. बाहेरच्या बाकावर दादा, मी आणि भाऊजी बसलो होतो. फिनेलचा वास, वॉर्डबॉयच्या ट्रॉलीचं एक चाक वाजत जाणारं. दार बंद झालं आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. ती नाही म्हणेल याची नव्हती. आपण तिला कधी हो म्हणायला लावलं का, ही. कुणी तिला विचारलं नव्हतं. जेवताना तिनेच विषय काढला होता, "माझी बघू या का?" त्यावर कुणी लगेच 'नको' म्हणालं नव्हतं, हेही खरं. आई पोळी वाढता वाढता थांबली होती. सुनेच्या कानावर घरातली अशी शांतता पडते तेव्हा ती मागणी असते की नसते? याच्या उत्तरापर्यंत मी अजून पोचलेले नाही. समितीतल्या लोकांनी तिला नेमकं हेच विचारलं, घरच्यांचा दबाव आहे का, काही मिळणार आहे का, आणि त्यांनी विचारलं याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. आमच्यापैकी कुणाला ते इतक्या सरळ विचारता आलं नसतं.

तिने काय सांगितलं ते तिनेच परतीच्या गाडीत सांगितलं, खिडकीबाहेर बघत, आम्ही विचारल्यावर. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिची बी.एड.ची परीक्षा होती. आईला वाटत होतं की आता पुरे झालं शिक्षण. ताई तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली, मूल दोन महिन्यांचं. ताईने आईला सांगितलं, "ती परीक्षेला जाईल. स्वयंपाकाचं मी बघते." आणि परीक्षा संपेपर्यंत, मूल मांडीवर घेऊन, डोक्याला बांधलेला रुमाल न सोडता, तिने दोन्ही वेळचा स्वयंपाक केला. वहिनी सकाळी निघायची तेव्हा डबा तयार असायचा. "वन्संनी बाळंतिणीने मला डबा दिला," वहिनी म्हणाली. "मी तेवढंच सांगितलं. पुढे नोकरी लागली ती त्या परीक्षेमुळे. त्यांनी लिहून घेतलं."

या घरात वाढूनही मला ही गोष्ट माहीत नव्हती. त्या महिन्यात मी शाळेत जात होते, जेवत होते, माझ्या ताटात पोळी कुणी वाढली हे बघायची मला गरजच पडली नव्हती. सग्यांना गरज पडत नाही. दादाची किंवा माझी किडनी चालली असती तर 'का देताय' हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नसता, आणि विचारला असता तर 'बहीण आहे' याच्यापुढे आमच्याकडे सांगायला काही नव्हतं. वहिनीला विचारलं गेलं आणि तिच्याकडे उत्तर होतं, वार, तारीख आणि डब्यासकट. फोटो मागितले म्हणून मला आलेला राग तिथे बराच उतरला. पूर्ण उतरला नाही.

परवानगी मिळाली. ऑपरेशन झालं. जुन्या किडन्या काढत नाहीत हे मला तेव्हाच कळलं. नवी किडनी पुढच्या बाजूला, ओटीपोटात उजवीकडे बसवतात, तिथल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडून. फार खोल नसते, हाताला लागते. ताई बोलता बोलता तिथे तळवा ठेवते, तिला स्वतःला ते कळत नाही. सकाळी आणि रात्री ठरल्या वेळेला गोळ्या, आयुष्यभर, एकही चुकवायची नाही. तिच्या फोनवर दोनदा गजर होतो. कारण शरीराला सोयरीक मान्य नसते. ते रोज उठून विचारतं, ही कोण, आणि रोज त्याची समजूत घालावी लागते. सख्ख्या भावाची असती तरी घालावी लागलीच असती.

पुढच्या वर्षी आई गेली. गुरुजींनी सुतक सांगितलं: मुलगा-सून दहा दिवस, लग्न झालेल्या मुली तीन दिवस. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण त्या दिवशी मी ती पहिल्यांदा ऐकली. कायद्याने वहिनीला परकी ठरवून तिच्याकडे फोटो मागितले होते. धर्मशास्त्राने तिला घरची धरून दहा दिवस दिले आणि पोटच्या मुलींना सोयऱ्यांच्या रांगेत नेऊन बसवलं. दोन्हींनी कुणाला आत घ्यायचं ते आपापल्या सोयीने ठरवलं आणि दोघांच्याही यादीत या दोघी कधी एका ओळीत आल्या नाहीत. चौथ्या दिवशी मावशी ताईला म्हणाली, "तुझं फिटलं गं, तू मोकळी झालीस, दगदग नको करू." ताई मास्क लावून, माणसांच्या गर्दीपासून जरा लांब, वहिनीच्या शेजारी चटईवर बसली होती. "राहते मी," ती म्हणाली, आणि तेराव्यापर्यंत राहिली.

आता माझं लक्ष दुसऱ्याच एका गोष्टीकडे लागलंय. ताईच्या तपासण्या वेळेवर होतात, सगळं घर त्यांच्यामागे असतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करतेय ते सांगणारा रक्तातला आकडा, किती आलं ते तासाभरात कुटुंबाच्या ग्रुपवर येतं. देणाऱ्याकडे मात्र देऊन झाल्यावर फारसं कुणी बघत नाही. एका किडनीवर माणूस नीट जगतो हे खरं आहे, पण रक्तदाब, लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन वर्षातून एकदा बघायलाच हवं, आणि दुखणं अंगावर काढायची वहिनीला सवय आहे. मागच्या वर्षी शाळेच्या परीक्षा आल्या, यंदा तिच्या मुलीचं लग्न आहे. ताईने परवा फोनवर तिला चांगलं फैलावर घेतलं, "तू नाही गेलीस तर मीही माझ्या तपासणीला जाणार नाही." त्यावर दोघींचं वाजलं. पुढच्या गुरुवारी दोघींचीही वेळ घेतलीय मी, एकाच दिवशी, एकामागे एक. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचंय, आणि वहिनीला मी स्वतः घरून घेऊन जाणार आहे.